वतनापासून धम्मापर्यंत : बाबासाहेब आणि चळवळीचे शब्द



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी परमपूज्य बाबासाहेबांचं चरित्र लिहून द्या, असं मंडळानं आम्हाला सांगितलं. आता बाबासाहेबांचं चरित्र कुणाला ठाऊक नाही ? आपल्या वस्तीतलं तिसरीतलं पोरगंसुद्धा महू, १४ एप्रिल १८९१, सुभेदार रामजी, माता भीमाई हे सारं घडाघडा म्हणून दाखवतं. म्हणून आम्ही जरा वेगळी वाट धरली. सत्याग्रह, क्रांती, मुक्ती, स्वातंत्र्य, संघर्ष हे शब्द आपण मोर्च्यात ओरडतो, भिंतीवर निळ्या रंगानं लिहितो, लग्नपत्रिकेतसुद्धा छापतो. ते बाबासाहेबांच्या आयुष्यात कधी आले, त्यांनी ते कुठून घेतले, कोणते जवळ ठेवले आणि कोणते बाजूला सारले, या अंगानं त्यांचं आयुष्य सांगायचं आम्ही ठरवलं. आम्ही गिरणीत पाळीनं राबणारे. शाळा अर्ध्यात सुटली, बाकीचं शिक्षण वाचनालयात आणि चळवळीत झालं. विद्वानांनी सांभाळून घ्यावं.

सुरुवात ‘वतन’ या शब्दापासून करावी लागते. आपला धाराशिव जिल्हा, पूर्वीचा उस्मानाबाद, निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. उर्दूत वतन म्हणजे मायदेश. वतनासाठी फासावर जाणाऱ्यांची गाणी आपणही पंधरा ऑगस्टला शाळेत म्हटली. पण महारवाड्यात वतन म्हणजे काय होतं ? गावकीची चाकरी. सरकारी टपाल आणि पट्टीचा पैसा तालुक्याला पोचवायचा, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, गावात मयत झाली की ऊन-पाऊस न बघता परगावी सांगावा न्यायचा, मेलेलं जनावर ओढायचं, रात्री वेशीवर जागायचं. ही चाकरी दिवसाची नव्हे, चोवीस तासांची. एक माणूस आजारी पडला तर घरातलं दुसरं कुणी तरी गेलंच पाहिजे. बदल्यात हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि सुगीला खळ्यावरचं बलुतं. तेही पदर पसरून मागायचं. बेदरच्या बादशहानं आपल्या पूर्वजांना बावन्न हक्क दिले ही आख्यायिका आपली म्हातारी माणसं मोठ्या अभिमानानं सांगायची. हक्क म्हणायचं अन् शिळे तुकडे गोळा करायचे, असा तो प्रकार. एकाच शब्दासाठी एक माणूस जीव द्यायला निघतो आणि त्याच शब्दानं दुसऱ्याच्या गळ्यात दावं पडतं. बाबासाहेबांचं सगळं आयुष्य असल्या दुतोंडी शब्दांशी झगडण्यात गेलं, असं आम्हाला वाटतं.

बाबासाहेबांचं घर मात्र या वतनातून एक पाऊल बाहेर पडलेलं होतं. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. आजोबा मालोजी लष्करात, वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार आणि लष्करी शाळेत शिक्षक. म्हणून घरात अक्षर आलं. तरी शाळेत बसायला गोणपाट घरूनच न्यावं लागलं आणि पाणी दुसऱ्यानं ओतलं तरच मिळालं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव दाखल झालं. पुढं मुंबईत १९०७ साली मॅट्रिक पास झाले, तेव्हा केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. ते बीज एकोणपन्नास वर्षांनी नागपूरला उगवलं. १९१२ साली बी. ए. झाले. १९१३ साली वडील गेले आणि त्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पोचले, तिथून लंडनला. १९१७ साली परत येऊन बडोद्यात नोकरीला गेले तर राहायला जागा मिळेना, पारशी खाणावळीतून सामानासकट बाहेर काढलं. हे सारं आपण नाटकांतून आणि सिनेमांतून पाहिलंय, म्हणून इथं रेंगाळत नाही.

त्यांनी काढलेल्या वर्तमानपत्रांची नावं ओळीनं वाचा. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’. त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’. १९२८ ला ‘समता’. १९३० ला ‘जनता’. आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला ‘प्रबुद्ध भारत’. मुका, मग वाळीत टाकलेला, मग बरोबरीला आलेला, मग साधा माणूस म्हणजे जनता, आणि शेवटी जागा झालेला. छत्तीस वर्षांत एका समाजाचं नाव कसं बदलत गेलं ते या पाच नावांत दिसतं. दुसऱ्यानं ठेवलेलं नाव आणि आपण स्वतः घेतलेलं नाव यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे बाबासाहेबांनी फार लवकर ओळखलं होतं.

आता महाड. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव पास झाला की सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर आणि तळं जिथल्या तिथं. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली, दुसऱ्या दिवशी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी परतणाऱ्या लोकांना झोडपलं आणि तळ्याची शुद्धी केली. डिसेंबरात पुन्हा जमायचं ठरलं आणि त्या लढ्याला बाबासाहेबांनी ‘सत्याग्रह’ हे नाव दिलं.

हा शब्द गांधीजींचा. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला, इंग्रज सरकारविरुद्ध वापरलेला. बाबासाहेबांनी तो उचलून आपल्याच देशातल्या सवर्ण समाजापुढं उभा केला. शब्द उसना घेतला म्हणून कमीपणा मानला नाही. ‘बहिष्कृत भारता’त त्यांनी सत्याग्रहाचा अर्थ गीतेचा आधार देऊन सांगितला, म्हणजे समोरच्याच्या पोथीतूनच त्याला उत्तर दिलं. डिसेंबरच्या परिषदेच्या मंडपात गांधीजींचा फोटोही लावला होता. आज काही तरुण पोरांना हे सांगितलं की ती रागावतात. पण घडलं ते घडलं. मंडपाला महाडात कुणी हिंदू जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली, हेही विसरू नये.

त्या परिषदेत २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी जे भाषण केलं त्यात ‘क्रांती’ची ओळख करून दिली. समोर बसलेले लोक कोकणातले शेतमजूर, लष्करातून निवृत्त झालेले शिपाई, मुंबईचे गिरणी कामगार. आणि बाबासाहेब त्यांना सांगत होते फ्रान्सची गोष्ट. १७८९ साली व्हर्साय इथं फ्रेंच लोकांची राष्ट्रीय सभा भरली, तिनं माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा काढला, आणि आपली ही महाडची सभा त्याच जातीची आहे, अशी तुलना त्यांनी केली. विचार करा, ज्याला गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता त्याला ते सांगत होते की तू जगाच्या इतिहासातलं मोठं काम करायला बसलायस. परिषदेनं माणसाचे जन्मसिद्ध हक्क सांगणारा जाहीरनामा केला आणि त्याच रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. तो ठराव मांडणारे होते बापूसाहेब सहस्रबुद्धे, जन्मानं ब्राह्मण. क्रांती या शब्दात जात मोजायची नसते, हे तिथं दिसून आलं.

पण तळ्यावर जायचं त्या वेळी गेले नाहीत. सवर्णांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. जमलेले लोक तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. एकाच वेळी सवर्ण आणि सरकार अशा दोन आघाड्या उघडायच्या नाहीत, हा हिशोब होता. पुढं दहा वर्षं दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागला. त्यांची क्रांती अशी होती : मनुस्मृती जाळायची आणि कोर्टाचा हुकूम मात्र पाळायचा. काहींना हे विसंगत वाटतं. आम्हाला तरी नाही वाटत. जी वस्तू पुढं आपल्या कामाला यायची आहे ती मोडायची कशाला ?

त्याच सुमारास, १९२८ च्या मार्चमध्ये, त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं. १८७४ चा वतन कायदा दुरुस्त करायचा, वतनी जमिनीला पूर्ण सारा लावून ती चाकरीतून मोकळी करायची, बलुत्याच्या ठिकाणी पैसा आणायचा, अशी मागणी होती. सरकारनं आणि इतर सभासदांनी ते इतकं रखडवलं की १९२९ साली बाबासाहेबांनी ते परत घेतलं. आपल्याच माणसांतल्या काहींनाही वतन सोडवत नव्हतं, कारण तो तुकडा गेला तर खायचं काय ही भीती. गुलामीची सवय झालेल्या माणसाला मोकळीक धोक्याची वाटते, त्याला नावं ठेवून उपयोग नाही.

आणि १९२८ सालचा मुंबईचा गिरणी संप. आम्ही गिरणीवाले, म्हणून याच्यावर जरा जास्त बोलणार. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात, म्हणजे माग खात्यात, चांगला पगार होता. त्या खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि अस्पृश्याच्या थुंकीनं बाकीचे बाटायचे ! मालक नव्हे, कामगार बंधूच अडवत होते. लाल बावट्याचे पुढारी जगातल्या कामगारांनी एक व्हावं म्हणत होते, पण या खात्याचं दार उघडत नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना ठणकावून सांगितलं की हा अन्याय तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमची माणसं संपात राहणार नाहीत. मागणी घातली गेली. ‘कामगार एकजूट’ हा शब्द तेव्हा पहिल्यांदा खरेपणाच्या कसोटीवर घासला गेला. आम्हीही ज्या ठिकाणी नोकरी केली तिथं पिण्याच्या पाण्याचा डेरा एक होता पण डाव वेगळा लटकत असे. कुणी बोलत नसे. युनियनच्या सभेत मात्र सगळे भाऊ.

२ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पाच वर्षं चालवला. मंदिराचं दार काही उघडलं नाही. याच वर्षांत गोलमेज परिषद, स्वतंत्र मतदारसंघ, आणि २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार. हे प्रकरण फार मोठं आहे, त्यावर मागं अनेकांनी लिहिलंय, आम्ही एवढंच नोंदवतो की ‘उपोषण’ हा शब्दसुद्धा शस्त्र होऊ शकतो आणि ते दुबळ्यावर चालवता येतं, हे त्या वर्षी दिसलं.

२७ मे १९३५ ला माता रमाई गेल्या. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. पुढच्या वर्षी, ३१ मे १९३६ रोजी, मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी जे मोठं भाषण केलं ते ‘मुक्ती कोन पथे ?’ या नावानं छापलं गेलं. मुक्ती म्हटलं की तोवर काशी, पंढरी, जन्ममरणाचा फेरा असंच आपल्या लोकांना आठवायचं. बाबासाहेबांनी मुक्तीला आकाशातून खाली आणलं. पाणवठा, शाळा, कोर्ट, घर, पोट, सन्मान, यांतली मुक्ती. परलोकातला शब्द या लोकात कामाला लावला.

१५ ऑगस्ट १९३६ ला ‘स्वतंत्र मजूर पक्ष’ काढला. नावात जात नाही, मजूर आहे. १९३८ च्या जानेवारीत कोकणातले खोतांचे कूळ-शेतकरी मुंबईत आणून त्यांनी कायदेमंडळावर मोर्चा काढला. त्याच जानेवारीत असेंब्लीत एका बिलात अस्पृश्यांना ‘हरिजन’ म्हणायचं ठरत होतं. दादासाहेब गायकवाडांनी हरकत घेतली : आम्ही देवाची माणसं तर बाकीचे कुणाची ? सरकार ऐकेना, तेव्हा बाबासाहेब आपल्या सभासदांसह सभागृह सोडून बाहेर पडले. एका शब्दासाठी सभात्याग ! काही लोक हसले असतील. पण नाव ठेवायचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न किरकोळ नव्हे.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद झाली. तिथं त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण माणूस नव्हे, तर समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, ती कुठल्याही जातीत असू शकते, असा खुलासाही केला. हा खुलासा भाषणं ठोकताना पुढारी गाळतात. त्याच वर्षी काँग्रेस मंत्रिमंडळानं औद्योगिक कलहाचं बिल आणलं, त्यात काही प्रकारचा संप गुन्हा ठरत होता. बाबासाहेबांनी असेंब्लीत मांडलेला मुद्दा असा की काम नाकारण्याचा हक्क काढून घेतला तर माणूस गुलाम झाला, संप म्हणजे स्वातंत्र्याचंच दुसरं नाव. ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत एक दिवसाचा सार्वत्रिक संप झाला. या वेळी बाबासाहेब आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर होते. पोलिसांनी गोळीबार केला. पारतंत्र्याच्या काळात स्वातंत्र्य हा शब्द सगळे इंग्रजांच्या जाण्याशी जोडत होते, बाबासाहेब तो गिरणीच्या फाटकावर घेऊन आले.

मराठवाड्याकडं त्यांचं लक्ष याच काळात वळलेलं दिसतं. ३० डिसेंबर १९३८ ला कन्नड तालुक्यात मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकारानं परिषद झाली, तिथं ते आले होते. आणि मग आपल्या जिल्ह्याचं भाग्य उजळलं ते कसबे तडवळ्याला.

२२ आणि २३ फेब्रुवारी १९४१. कुर्डुवाडी-लातूर रेल्वेच्या वाटेवरचं तडवळं. तेव्हा ही बार्शी लाइटची अडीच फूट रुंदीची छोटी गाडी होती. आजूबाजूला निजामाचा मुलूख. परिषदेचं नाव महार-मांग वतनदार परिषद. बाबासाहेबांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली ती गोष्ट आपल्या भागातल्या घराघरांत आजी-आजोबांनी सांगितलेली आहे. गावोगावची माणसं भाकरी बांधून चालत आली. कसली वेळ होती ती ? महायुद्ध चालू होतं आणि मुंबई सरकारनं वतनी जमिनीवरचा जुडीचा बोजा वाढवला होता. चाकरी फुकटात घ्यायची ती घ्यायचीच, वर पट्टीही जास्त. डिसेंबर १९३९ ला नगर जिल्ह्यात हरेगावला, १९४१ च्या फेब्रुवारीत तडवळ्याला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नाशिक जिल्ह्यात सिन्नरला, असा वतनाचा लढा गावागावांतून पुढं सरकत होता. म्हणजे आपलं तडवळं हा एका मोठ्या साखळीतला दुवा आहे. जिल्ह्याबाहेरच्या पुस्तकांत तडवळ्याला एक ओळसुद्धा मिळत नाही, ही आमची जुनी तक्रार आहे.

तडवळ्याच्या परिषदेच्या नावाकडं मात्र नीट बघा. महार-मांग. दोन्ही समाजांच्या नावात मधे एक छोटी आडवी रेघ आहे, तेवढ्या रेघेवर दोन्ही एकत्र बसले होते. १९४१ सालात, आपल्या जिल्ह्यात. आज आपल्या विहाराच्या भोजनदानाला शेजारच्या मातंग वस्तीतली किती घरं येतात आणि अण्णाभाऊंच्या जयंतीला आपल्यातली किती जातात, हे ज्याचं त्यानं बोटावर मोजावं. एका हाताची बोटं पुरतात.

वतन कायद्यानं संपायला पुढं अठरा वर्षं लागली. १९५८ साली कायदा झाला आणि १ फेब्रुवारी १९५९ पासून कनिष्ठ गावकामगारांची वतनं खालसा झाली. ते बघायला बाबासाहेब राहिले नव्हते.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत शेड्युल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली. तिथं त्यांनी इंग्रजीतून तीन क्रियापदं दिली. शिकणं पहिलं, चेतवणं दुसरं, संघटना बांधणं तिसरं. आपल्या भिंतींवर संघटन दुसरं आणि संघर्ष तिसरा झाला. यावर विद्वान भांडतात. आमचं म्हणणं साधं आहे. जो चेतलेला नाही त्याची संघटना म्हणजे नुसती वर्गणीची पावती. असल्या संघटना आम्ही भरपूर पाहिल्या. ‘जयभीम’ हा शब्दही या काळातलाच. कामठीचे बाबू हरदास यांनी तो रूढ केला असं मानतात. जोहार घालायला वाकावं लागायचं, जयभीम म्हणायला मान ताठ ठेवावी लागते. एवढा फरक एका नमस्कारात पडला.

त्याच महिन्यापासून १९४६ पर्यंत ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यांतले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली, तिच्या मागं त्यांचा हात आहे. आठ तासांची पाळी करून जो कामगार घरी जातो, मग तो कुठल्याही जातीचा असो, त्यानं हे ध्यानात ठेवावं.

देश स्वतंत्र झाला आणि आपला जिल्हा झाला नाही. निजाम अडून बसला. रझाकारांचा जुलूम सुरू झाला. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पत्रक काढून हैदराबाद राज्यातल्या आपल्या लोकांना सांगितलं की निजामाच्या बाजूला जाऊ नका आणि भीतीपोटी धर्म बदलू नका. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरच्या रस्त्यानं शिरली, पहिल्याच दिवशी आपलं नळदुर्ग घेतलं आणि १७ तारखेला निजाम शरण आला. आता शब्द बघा. आले रणगाडे, पण नाव दिलं ‘पोलीस अॅक्शन’, कारण हा घरातला मामला आहे असं जगाला दाखवायचं होतं. सरकार त्याला ‘मुक्तिसंग्राम’ म्हणतं. म्हातारी माणसं नुसतं ‘रझाकारी’ किंवा ‘अॅक्शन’ म्हणतात. अॅक्शननंतर या जिल्ह्यात निरपराध मुसलमानांचीही मोठी हत्या झाली, सुंदरलाल समितीनं सर्वांत जास्त हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घातलं. मुक्तीच्या दिवशी झेंडा फडकवताना हेही आठवावं, कारण बाबासाहेबांच्या मुक्तीत कुणाच्या तरी मुडद्यावर उभं राहणं बसत नाही.

२९ ऑगस्ट १९४७ ला घटनेच्या मसुदा समितीची नेमणूक झाली आणि तिचे ते अध्यक्ष झाले. २५ नोव्हेंबर १९४९ चं त्यांचं घटना समितीतलं भाषण आम्ही किती वेळा वाचलं असेल याला गणती नाही. आणि दर वेळी एका ठिकाणी अडखळलो. महाडला सत्याग्रह करणारा, नाशिकला सत्याग्रह करवणारा माणूस तिथं सांगतो की आता घटनेचे मार्ग खुले झाले आहेत, तेव्हा रक्तरंजित क्रांती तर सोडाच, पण कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रहही सोडून द्या. आमच्या अभ्यास वर्गात यावर भांडणं झाली. मग मोर्चे काढायचे की नाही ? आम्ही त्यांचं पुढचं वागणं तपासलं. १९५१ साली हिंदू कोड बिल अडवलं गेलं तेव्हा त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, म्हणजे प्रतिकार सोडला नव्हता. आणि १९५३ साली आपल्या मराठवाड्यात भूमिहीनांनी गायरान आणि पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केला, तो त्यांच्याच फेडरेशनच्या कार्यकर्त्यांनी. कायद्याचं दार उघडं असेल तर लाथ मारू नका, पण दार बंदच ठेवलं तर ठोठवायचं थांबू नका, असा अर्थ आम्ही लावला. ज्यांना पटत नाही त्यांनी आमच्याशी विहारात येऊन वाद घालावा. दादासाहेबांनी तोच गायरानाचा लढा १९५९ ला आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर चालवला. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणं कायम करायचा सरकारी निर्णय १९९१ ला निघाला, तरी आपल्या कित्येक घरांची नावं अजून सातबाऱ्यावर चढलेली नाहीत. ज्यांच्याकडं जुन्या दंडाच्या पावत्या असतील त्यांनी त्या टाकून देऊ नयेत.

१९५० साली त्यांनी औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. त्याला राजा मिलिंदाचं नाव दिलं. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव, उत्तर देणाऱ्या नागसेनाचं परिसराला. मराठवाड्यातली आपली पहिली शिकलेली पिढी तिथूनच बाहेर पडली.

आता महाडचं ते व्हर्साय पुन्हा आठवा. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द १९२७ साली त्यांनी फ्रान्सच्या क्रांतीच्या संगतीत लोकांपुढं ठेवले होते. ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवरच्या भाषणात मात्र त्यांनी स्पष्ट केलं की हे तीन शब्द मी फ्रेंच क्रांतीकडून घेतलेले नाहीत, ते माझ्या गुरूंच्या, भगवान बुद्धांच्या शिकवणीतून घेतले आहेत. सत्तावीस वर्षांत शब्द तेच राहिले, त्यांचं घर बदललं. फ्रेंच क्रांतीनं समता आणली असं म्हटलं पण टिकवली नाही, रशियाच्या क्रांतीनं समता आणताना स्वातंत्र्य आणि बंधुता घालवली, असा त्यांचा अभ्यास होता. २० नोव्हेंबर १९५६ ला काठमांडूला बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी हेच मांडलं : दुःख आणि शोषण संपवायचं हे दोघांचं ध्येय, पण एकाचा मार्ग बळजबरीचा आणि दुसऱ्याचा मन बदलण्याचा. बळानं आणलेलं बळ ओसरलं की जातं.

त्याआधी १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी, नागपूर. कुशिनाराचे भदन्त चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी माईसाहेबांसह त्रिशरण-पंचशील घेतलं आणि मग लाखोंना स्वतः दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. धर्मांतर हा शब्द मागं पडला, धम्मदीक्षा आणि धम्मचक्र प्रवर्तन हे शब्द आले. बंदूक नाही, रक्ताचा थेंब नाही, आणि एका सकाळी लाखो माणसं गावकीच्या देवांना पाठ करून घरी गेली. आमच्या मते क्रांती या शब्दाचा आपल्या भाषेतला सर्वांत मोठा अर्थ तो आहे. पुढच्या राजकारणासाठी त्यांनी ‘रिपब्लिकन’ हा शब्द निवडून ठेवला होता, पक्ष निघाला तो ते गेल्यावर, ३ ऑक्टोबर १९५७ ला. त्या शब्दाचे पुढं किती तुकडे झाले ते इथं लिहीत नाही, वर्धापनदिनाचा मंगल अंक आहे.

६ डिसेंबर १९५६ च्या पहाटे दिल्लीत २६, अलीपूर रोडवर झोपेतच त्यांचं महापरिनिर्वाण झालं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ छापून यायचा होता, तो १९५७ साली आला. पार्थिव देह विमानानं मुंबईला आणला. ७ तारखेला राजगृहापासून दादरच्या चौपाटीपर्यंत माणसांचा समुद्र लोटला. गिरण्यांतले, गोदीतले, रेल्वेच्या कारखान्यांतले, नगरपालिकेतले कामगार काम टाकून आले होते. त्या स्मशानभूमीवरच भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या हजारो-लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. मुंबईच्या दीक्षा समारंभासाठी बाबासाहेबांनी १६ डिसेंबर ही तारीख ठरवली होती. लोकांनी ती नऊ दिवस अलीकडं ओढली.